सोफ्याचं कापड बदलताय? रंग सगळ्यात शेवटी बघा

सोफ्याचं किंवा खुर्च्यांचं कापड बदलायचं ठरलं की आपल्याकडे काय होतं, संध्याकाळी दोघं जण दुकानात जातात, दुकानदार सॅम्पलची जाडजूड बुकं समोर टाकतो, मग हा रंग का तो रंग, पडद्याला मॅच होईल का, आईंना आवडेल का अशी तासभर चर्चा होते आणि शेवटी जे हाताला मऊ लागलं आणि डोळ्यात भरलं ते घेऊन घरी. दोन-तीन पावसाळे गेले की तेच कापड कुठे सोलवटतं, कुठे त्याला बोंडं येतात, कुठे शिलाईपाशी उसवतं, आणि बोल लावला जातो कारागिराला. माझं म्हणणं एवढंच आहे की रंग हा यातला शेवटचा प्रश्न. आधी फर्निचर कसलं आहे ते, मग त्यावर बसणार कोण आणि ते घरात ठेवलंय कुठे, मग कापडाचा प्रकार, मग मीटरचा हिशोब आणि मग काय तो रंग.

तर पहिलं काम दुकानात नाही, घरात. खुर्ची किंवा सोफा चक्क उलटा करा. खाली बहुतेक वेळा काळं पातळ कापड पिना मारून लावलेलं असतं, त्याच्या चार पिना काढून आत डोकवा. आत नवार किंवा इलास्टिकचे पट्टे आहेत का, ते सैल झालेत का, स्प्रिंगा आहेत का नुसती प्लायवर फोम ठेवलाय, सगळं दिसेल. लाकूड सागवान किंवा शिसवी असेल आणि सांधे हलत नसतील तर डोळे झाकून खर्च करा, जुन्या घरातले असले सोफे अजून एक पिढी काढतात. पण आत भुश्याचा बोर्ड असेल आणि स्क्रूची भोकं मोठी होऊन सांधे डुगडुगत असतील तर महागाचं कापड त्याच्यावर घालू नका, साधं कव्हर शिवा आणि वापरा. जमिनीवर लाकडाचा बारीक भुगा पडत असेल तर किडीचा बंदोबस्त आधी. आणि ढेकूण. हे कोणी बोलत नाही पण पाहुण्यांची ये-जा असलेल्या घरात, हॉस्टेलवरून मुलं सामान घेऊन येतात त्या घरात, पाठीच्या शिवणीत ढेकूण असतात, आणि नवीन कापड घालून ते आत बंद होतील असं वाटत असेल तर तसं होत नाही, ते बाहेर येतातच.

आता घरी स्वतः काय जमेल? डायनिंगच्या खुर्च्यांच्या सीट कोणालाही जमतात, खालचे चार स्क्रू काढले की सीट हातात येते, जुनं कापड काढायचं, नवीन ताणून स्टेपल गनने मारायचं. लाकडी सोफ्याच्या सुट्ट्या गाद्या, दिवाणाची गादी, ड्रेसिंग टेबलचं स्टूल हेही जमतं जर शिलाई मशीन असेल आणि चेन लावता येत असेल. पण हात, पाठ, कोपरे सगळीकडून कापडाने मढवलेला सोफा असेल तर तो कारागिराकडेच द्या, तिथे तुमचं काम फक्त कापड निवडायचं. हे आधीच ठरवायचं कारण यावरून कापड बदलतं. ताणून पिना मारायच्या असतील तर कापड धुवायचा प्रश्न येत नाही पण ताण सहन झाला पाहिजे. चेनवालं कव्हर असेल तर ते धुतलं जाणार, म्हणजे ते आकसता कामा नये, नाहीतर धुतल्यावर गादी परत आत कोंबताना घरातल्या दोघांना बसायला लागतं तिच्यावर.

फोमबद्दल थोडं थांबून सांगते, कारण बसलेल्या फोमवर कितीही भारी कापड घातलं तरी महिन्याभरात त्याला झोळ येतो आणि सुरकुत्या पडतात आणि लोक म्हणतात कापड सैल शिवलंय. सीटला साधारण 40 डेन्सिटीचा फोम घ्यावा, पाठीला 28 ते 32 चालतो. आता हा 40 आकडा म्हणजे काय, तर एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. म्हणजे घरच्या वजनकाट्यावर तपासता येतं! समजा तुमची गादी 22 इंच बाय 22 इंच आणि 4 इंच जाड आहे, तर 40 डेन्सिटीचा तुकडा साधारण सव्वा किलोच्या थोडा वर भरला पाहिजे. एक किलोच्या आसपास भरला तर तो 32 चा आहे, आणि नऊशे ग्रॅम भरला तर 28 चा. दुकानदार तोंडाने काहीही सांगू दे, काटा खोटं बोलत नाही. फोम दाबून बघण्याला काही अर्थ नाही हेही सांगते, कडक फोम म्हणजे जास्त डेन्सिटीचा असं नसतं, हलका फोमही कडक बनवता येतो आणि तो लवकर बसतो.

आता कोण बसणार आणि कुठे. इथे स्वतःशी खरं बोलायचं. "आम्ही हॉलमध्ये कोणाला जेवू देत नाही" असं सगळेच म्हणतात आणि मॅचच्या दिवशी पोह्यांच्या बशा सोफ्यावरच असतात. लहान मूल आहे का, घरात कोणी रोज डोक्याला तेल लावून पाठीला डोकं टेकतं का, मांजर आहे का कुत्रा, आजी-आजोबा तासन्‌तास एकाच जागी बसतात का, सोफ्यावर दुपारची झोप काढली जाते का. तेल हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, चहाचा डाग निघतो पण पाठीवरचा तेलकट काळपट गोल निघता निघत नाही. आपल्या आज्या सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल टाकायच्या ते नुसतं शोभेला नव्हतं, रुमाल काढून धुता येतो, सोफा नाही. वयस्कर माणसांसाठी कापड घसरडं नको, सॅटिनसारख्या गुळगुळीत कापडावरून माणूस पुढे पुढे सरकतो आणि उठताना हाताला आधार मिळत नाही.

आणि ऊन. पश्चिमेच्या खिडकीसमोर सोफा असेल तर दुपारी तीन ते सहा त्याच्यावर थेट ऊन, काच बंद असली तरी. साध्या काचेतून अल्ट्राव्हायोलेट किरणांचा बराचसा भाग आत येतोच, त्यामुळे "खिडकी बंद असते हो" हे उत्तर नाही. अशा जागी सुती गडद रंग, विशेषतः गडद निळा, मरून, काळा, हे विटतात आणि अर्धाच सोफा विटतो हे जास्त वाईट दिसतं.

आता कापडं. सगळ्यात आधी रेक्झिन, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे आहे.

आपण ज्याला सरसकट रेक्झिन किंवा लेदरेट म्हणतो त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक पीव्हीसीचं, दुसरं पीयूचं (पॉलियुरेथेन), दोन्हींत कापडावर प्लॅस्टिकचा थर चढवलेला असतो, फक्त प्लॅस्टिक वेगळं. पीयूवालं मऊ असतं, हाताला खऱ्या चामड्यासारखं लागतं, दिसायला भारी, दुकानदार तेच पुढे करतो. पण पीयूची एक खोड आहे, हवेतल्या ओलाव्याने त्याची वरची साय हळूहळू तुटत जाते. वापरा किंवा नका वापरू, ते होतच राहतं, उष्णता आणि दमट हवा दोन्ही असली की लवकर होतं, घाम आणि तेल लागलं की अजून लवकर. म्हणून मुंबई, ठाणे, अख्खं कोकण आणि गोवा इथे पीयूचे सोफे काही वर्षांत पापुद्रे सोडायला लागतात, काळे काळे कपचे कपड्यांना चिकटतात, फरशीवर पडतात, आणि एकदा सुरू झालं की त्याला काही उपाय नाही, रंग लावा, क्रीम लावा, काही होत नाही. बॉन्डेड लेदर म्हणून जे विकतात तेही त्यातलंच, चामड्याचा चुरा चिकटवून वर पीयूचा थर, तेही सोलवटतं. त्यात "लेदर" शब्द आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

पीव्हीसीचं रेक्झिन दिसायला जरा प्लॅस्टिकी, हाताला कडक, पण दमट हवेत जास्त टिकतं. त्याचं दुखणं वेगळं, वर्षानुवर्षं झाली की त्यातला मऊपणा उडून जातो आणि ते कडक होऊन घडीवर चिरतं, उन्हात असेल तर लवकरच. आणि ते श्वास घेत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे 45 डिग्रीला हाफ पँटमध्ये रेक्झिनवर बसून उठून बघा, कातडी मागे राहते की काय असं वाटतं. तरीही डायनिंगच्या खुर्च्यांना मी पीव्हीसीच सांगेन, कारण तिथे बसणं थोडा वेळ असतं आणि वरण सांडलं तर फडकं मारलं की झालं. दुकानात ओळखायचं कसं, तर ताग्यावरचं लेबल बघा, नाहीतर सरळ विचारा "पीव्हीसी आहे का पीयू", आणि बिलावर लिहून मागा. जो लिहून द्यायला कां-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका.

खऱ्या चामड्याबद्दल फार सांगत नाही, महाग असतं, पावसाळ्यात बंद घरात त्याला बुरशी येते, आणि ते घरी शिवायची वस्तू नाही.

सुती कापड. कॅनव्हास, डक, जाड मॅटी, डेनिम. उन्हाळ्यात बसायला याच्यासारखं सुख नाही, घाम शोषतं, अंगाला चिकटत नाही, आणि सुट्ट्या गाद्यांची कव्हरं करायची असतील तर घरच्या मशीनवर सगळ्यात सोपं शिवायला. पण धुतलं की आकसतं, विटतं, आणि कोकणात जुलै महिन्यात ओलसर राहिलं तर कुबट वास. म्हणून सुती घेतलं तर आख्खं कापड शिवायच्या आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. किती आकसतं ते बघायला 10 इंच बाय 10 इंचाचा तुकडा कापून पेनने मापं लिहून धुवायचा, वाळल्यावर साडेनऊ इंच भरला तर पाच टक्के आकसलं, म्हणजे 9 मीटरमागे जवळजवळ अर्धा मीटर गेला, तेवढं जास्त घ्यायचं. ड्रेसचं किंवा चादरीचं सुती कापड सीटला वापरू नका, कितीही सुंदर प्रिंट असली तरी, ते पातळ असतं, शिवणीपाशी फाटतं. अंदाजासाठी आपल्या जीन्सची जाडी डोळ्यासमोर ठेवा, निदान तेवढं जाड पाहिजे. आकड्यात सांगायचं तर 300 जीएसएमच्या आसपास, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन 300 ग्रॅम. 54 इंची पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, अशा कापडाचा एक मीटर तुकडा साधारण 400 ग्रॅम भरतो.

पॉलिस्टर. दुकानात तुम्हाला "जूट", "लिनन", "कॉटन लुक" या नावाने जे दाखवतात त्यातलं बरंचसं पॉलिस्टरच असतं, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. आकसत नाही, रंग पक्का राहतो, धुतलं की पटकन वाळतं, पावसाळ्यात हे फार मोठं काम आहे. फक्त तेल ते घट्ट धरून ठेवतं, डोक्याच्या तेलाचा डाग पॉलिस्टरमधून काढणं सुतीपेक्षा अवघड. काही कापडांना बोंडं येतात, आणि हिवाळ्यात कोरड्या हवेत उठताना चट्‌चट्‌ शॉक बसतो. सुती आणि पॉलिस्टर मिसळलेलं कापड मिळालं तर आपल्या हवेला ते बरं, बसायलाही ठीक आणि धुवायलाही.

वेल्वेट म्हटलं की लोकांना लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्या आठवतात, पण आता बाजारात जे हॉलंड वेल्वेट वगैरे नावाने मिळतं ते पॉलिस्टरचं, दाट लवेचं आणि बऱ्यापैकी टिकाऊ असतं. मांजर असलेल्या घरात तर हे मी आवर्जून सुचवते, कारण नख अडकवायला त्यात धाग्याचे फासे नसतात. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, बसायच्या जागी लव दबून चकाकी येते, ती वाफेने आणि ब्रशने थोडी उठते पण पूर्ण नाही. दुसरी, लवेला दिशा असते, हात एका बाजूने फिरवला तर गडद, उलटा फिरवला तर फिकट. पाच गाद्यांमध्ये एक जरी उलटी कापली गेली तर ती वेगळ्याच कापडाची वाटते. म्हणून कापायच्या आधी मागच्या बाजूला खडूने सगळीकडे बाण काढून घ्यायचे, सीटवर लव मागून पुढे, पाठीवर वरून खाली.

शेनिल हाताला इतकं गोड लागतं की लोक तिथेच फसतात. त्याचा धागाच मुळी केसाळ असतो, तो घासला जाऊन टक्कल पडतं, धागा ओढला जातो, अंगठीत अडकतो, मांजराला तर आमंत्रणच. पाठीच्या उशांना ठीक, सीटला नको. तेच बुकले किंवा कुठल्याही फासे-फाशांच्या कापडाचं.

खण, इरकल, जुन्या पैठणीचे काठ हे हल्ली सोफ्यावर फार दिसतात आणि सुंदर दिसतातच, पण ते लहान उशांच्या अभ्र्यांपुरतं ठेवा. खणाचा पन्हा अरुंद आणि पोत हलका, तो चोळीसाठी विणलेला असतो, माणसाच्या वजनासाठी नाही. खण सीटला लावायचाच असा हट्ट असेल तर मागे मांजरपाट लावून शिवा आणि त्या खुर्चीवर कोणाला बसू देऊ नका! सोलापुरी चादर दिवाणावर अंथरायला उत्तमच, पण ती कापून पिना मारून बसवू नका, तिचं सगळं सुख काढून धुण्यात आहे.

बाल्कनीतल्या झोपाळ्याला किंवा गच्चीवरच्या खुर्च्यांना घरातलं कापड चालत नाही. तिथे ॲक्रिलिकचं आउटडोअर कापड मागा, ज्यात रंग कापड विणल्यावर चढवलेला नसून धागा बनायच्या आधीच आत मिसळलेला असतो, ते उन्हात खूप सावकाश विटतं. महाग पडतं पण झोपाळ्याला लागतं किती, दोन मीटर.

"वॉटरप्रूफ" या शब्दाबद्दल एक. बहुतेक वेळा तो वर मारलेला एक फिनिश असतो, पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो आणि दुकानदार पेला ओतून दाखवतो. तो थेंब बोटाने दाबून बघा, मूल बसलं की सांडलेलं दूध दाबलंच जाणार आहे. आणि हा फिनिश धुण्याने, घासण्याने कमी होत जातो. असला तर चांगलं, पण त्याच्यासाठी पोत खराब असलेलं कापड घेऊ नका.

आता मीटरचा हिशोब, इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मापं घेताना पहिला प्रश्न पन्हा किती. फर्निशिंगचं कापड सहसा 54 इंची पन्ह्यात येतं, पण 48 इंचीही असतं आणि तिथे गणित कसं फिरतं बघा. समजा सहा खुर्च्या आहेत, सीट 20 बाय 20 इंच. फोमची जाडी आणि खाली वळवून पिना मारायला चारही बाजूंनी 3-3 इंच, म्हणजे एक तुकडा 26 बाय 26. 54 इंचात असे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात, म्हणजे सहा सीटला तीन ओळी, तीन गुणिले 26 म्हणजे 78 इंच, जवळपास 2 मीटर. थोडं जास्त धरून सव्वादोन घ्या. आता तेच 48 इंची पन्ह्यात दोन तुकडे बसत नाहीत, ओळीत एकच, म्हणजे 156 इंच, 4 मीटर! मीटरचा भाव कमी म्हणून घेतलेलं अरुंद कापड असं दुप्पट लागतं.

सुट्ट्या गाद्यांचं: 22 बाय 22, जाडी 4 इंच. वरचा आणि खालचा तुकडा शिलाईसह 23-23, दोन मिळून 46, पन्ह्यात बसले आणि बाजूला 8 इंचाची पट्टी उरली. चारी बाजूच्या पट्टीला 88 इंच लांबी पाहिजे, 5 इंच रुंदीच्या दोन आडव्या पट्ट्या काढल्या की झालं, म्हणजे 10 इंच. 23 आणि 10 मिळून 33, चेनच्या पट्टीसाठी उरलेली 8 इंची पट्टी आहेच, तिरकं-तारकं जाईल ते धरून एका गादीला 36 इंच, म्हणजे 90 सेंटिमीटर. पाच सीट आणि पाच पाठी अशा दहा गाद्यांना 9 मीटर. कडेच्या शिवणीत तिरक्या कापडाची पायपिंग, म्हणजे गोल उठावाची पट्टी, लावायची असेल तर अजून अर्धा-पाऊण मीटर. पूर्ण मढवलेल्या तीन सीटच्या सोफ्याला साधारण 10 ते 12 मीटर लागतं, पण ते सोफ्याच्या घडणीवर फार अवलंबून आहे, तिथे कारागिरालाच घरी बोलावून टेपने मोजायला सांगा, फोटोवरून सांगितलेला अंदाज मानू नका.

डिझाइन मोठं असेल तर हा हिशोब मोडतो. एका फुलापासून पुढच्या तसल्याच फुलापर्यंतचं अंतर टेपने मोजा. ते 14 इंच असेल आणि प्रत्येक गादीवर फूल मधोमध यायला हवं असेल तर 23 इंचाच्या तुकड्याला 28 इंच कापड जातं, दर गादीला 5 इंच चिंध्या. दहा गाद्यांना 50 इंच, सव्वा मीटर. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात तर सीटची पट्टी आणि पाठीची पट्टी जुळली नाही की डोळ्याला सारखं खुपतं. पहिल्यांदाच करत असाल तर प्लेन किंवा बारीक पोताचं घ्या, कशाला डोक्याला ताप.

दुकानात गेल्यावर सॅम्पल बुकावरून ठरवू नका, आख्खा तागा काढायला सांगा आणि त्याचं टोक हातात घ्या. उजेडासमोर धरा, आरपार दिसायला नको. नखाने जोरात ओरखडा काढा, धागे सरकून जाळी झाली तर तिथेच सोडा. मग कापडाची एक घडी घालून घडीजवळ दोन-तीन टाचण्या टोचा आणि दोन्ही बाजूंनी ओढा, टाचणीच्या बाजूला भोक लांबत गेलं तर शिवणही अशीच उसवणार. ही परीक्षा कोणी करत नाही पण मढवलेले सोफे फाटतात ते बहुतेक वेळा कापडाच्या मधोमध नाही, शिवणीपाशी. मागच्या बाजूला पातळ थर किंवा अस्तर चिकटवलेलं असेल तर धागे सरकत नाहीत, तसं कापड ताणून पिना मारायला बरं. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगाच्या कापडावर घासा, रंग लागला तर उद्या तो तुमच्या पांढऱ्या लेंग्याला लागणार आहे.

वीतभर तुकडा मागून घ्या, पैसे देऊन का होईना. घरी त्याचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळा, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरली जाणारी राख, पॉलिस्टर असेल तर वितळून काळी कडक गुठळी होते. दोन्ही झालं तर मिक्स. "ताई, प्युअर कॉटन आहे" याचा निकाल तिथे लागतो.

ब्रँडेड कापडाच्या लेबलवर घासण्याचा आकडा लिहिलेला असतो, मार्टिनडेल म्हणून. घरच्या रोजच्या सोफ्याला 15 हजार ते 25 हजार पुरेसं, भरपूर माणसं आणि मुलं असतील तर 30 हजार घ्या. त्याच्यावर लाखभर आकडा दाखवून जास्त पैसे मागत असतील तर गरज नाही, कारण हा आकडा फक्त घासून कापड झिजण्याचा आहे, विटणं, बोंडं येणं, शिवण उसवणं याचं तो काही सांगत नाही. आणि अमेरिकन कापडावर डबल रब्स म्हणून जो आकडा असतो ती वेगळी टेस्ट आहे, दोन्हींची तुलना करू नका. लेबलवर एखादं इंग्रजी अक्षरही असतं: डब्ल्यू असेल तर पाण्याच्या क्लीनरने पुसता येतं, एस असेल तर पाणी लावायचं नाही, फक्त ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट, दोन्ही अक्षरं असतील तर दोन्ही चालतं, आणि एक्स असेल तर नुसता व्हॅक्यूम. लहान मुलाच्या घरात एस आणि एक्स घेणं म्हणजे स्वतःहून दुखणं आणणं.

सगळं कापड एकदम, एकाच ताग्यातलं घ्या. "कमी पडलं तर परत नेऊ" हे चालत नाही, दुसऱ्या लॉटचा रंग किंचित का होईना वेगळा येतो आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर तो दिसतो.

आणि आता रंग. आपल्या आया "मळखाऊ" रंग घे म्हणायच्या, त्यात शंभर टक्के तथ्य आहे, फक्त मळखाऊ म्हणजे काळा किंवा गडद तपकिरी असं समजू नका. काळ्यावर धूळ, पांढरे केस, टॅल्कम पावडर सगळं दिसतं. खरे मळखाऊ रंग मधले असतात, राखाडी, मातकट, मेंदी, ऑलिव्ह, गंजासारखा, आणि त्यातही ज्यात दोन-तीन छटांचे धागे मिसळून विणलेत तसं कापड, कारण त्यावर डाग डोळ्याला पटकन सापडत नाही. तुकडा घरी आणलाच आहे तर तो सोफ्यावर जिथे लागणार तिथेच टाकून ठेवा, सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री ट्यूबखाली बघा. दुकानात पिवळसर झगझगीत लाइट असतात आणि तिथला सुंदर मोरपंखी घरातल्या पांढऱ्या एलईडीखाली दवाखान्याच्या पडद्यासारखा दिसू शकतो. भिंत आणि पडदा बदलणं स्वस्त आहे, सोफा नाही, म्हणून सोफा जरा शांत रंगाचा आणि काय ती हौस उशांच्या अभ्र्यांवर.

घरी शिवणार असाल तर मशीनला 16 किंवा 18 नंबरची सुई लावा आणि दोरा पॉलिस्टरचा, साधा सुती नको, तो ताणाने तुटतो. पायपिंगच्या कोपऱ्यावर कापडाचे चार-पाच थर येतात, तिथे मोटर न चालवता चाक हाताने फिरवा. रेक्झिनला सुईचं भोक कायमचं राहतं, म्हणून टाचण्याही नाहीत आणि उसवून परत शिवणंही नाही, कपड्याचे चिमटे लावून धरायचं. जुनं कव्हर फाडून फेकू नका, शिवण उसवून त्याचेच तुकडे नवीन कापडावर ठेवून कापा, यापेक्षा चांगला साचा नाही.

कारागिराला देणार असाल तर गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीचा महिना टाळा, सगळ्यांना तेव्हाच सोफा नवा पाहिजे असतो, भावही चढतो आणि कामही घाईचं होतं. श्राद्धपक्षात किंवा दिवाळीनंतर लगेच विचारा. बोलताना तीन गोष्टी पक्क्या करा: जुनं कापड काढणार का त्याच्यावरच नवीन चढवणार, फोम कुठल्या डेन्सिटीचा आणि तो तुमच्यासमोर तोलणार का, आणि सुटी कव्हरं असतील तर चेन तीन बाजूंनी फिरवणार का एकाच बाजूला. एकाच बाजूला चेन असली की कव्हर काढता येतं पण परत घालताना फार त्रास होतो. मजुरी कापड स्वस्त असो वा महाग सारखीच लागते, म्हणून मीटरमागे शंभर-दोनशे रुपये वाचवायला हलकं कापड देऊ नका, दोन वर्षांनी तीच मजुरी परत द्यावी लागते.

उरलेल्या कापडातून सोफ्याच्या हातांना आणि पाठीला, डोकं टेकतं तेवढ्या भागाला, सुट्ट्या टोप्या शिवून घ्या, मागे वेल्क्रो लावून. त्या दर पंधरा दिवसांनी काढून धुवायच्या. आणि अर्धा मीटर कापड गुंडाळी करून कपाटात ठेवून द्या, घडी घालून नको, घडीची रेघ नंतर जात नाही, कधी सिगरेटचं भोक किंवा मांजराचं नख लागलं तर ठिगळाला तेच लागणार आहे.